बोटांना बंदी नाही

तिरुप्पूर
३ नोव्हेंबर

आणि नुसतं 'कापून टाक' म्हणालो तर त्यात फोन आपटण्यासारखं काय होतं? बोकड कापायचं बोललो नव्हतो. केसच की. तू मात्र माझ्याकडं असं बघितलंस, जसं मी वरदचं बोट कापायला सांगितलं. मग स्क्रीन काळी, आणि दिवाळीपासून तुझा फोन बंद तो बंदच. तुझ्या भावाला लावला तर राजवर्धन म्हणतो, "दाजी, आक्का आंघोळीला गेलीया." सकाळी आंघोळ, दुपारी आंघोळ, दिवेलागणीला आंघोळ. आणि डोक्यावरून पाणी घ्यायचं तर तुम्ही सगळ्यांनी मिळून बंद केलंय. मग कसली म्हणायची ही आंघोळ?

म्हणून पत्र. सातवीनंतर सहीशिवाय काही लिहिलेलं नाही मी. चुका निघतील, हस, पण वाच. फोन कापता येतो, पत्र फाडायचं झालं तरी आधी जरा वाचावं लागतं.

पहिल्यापासून सांगतो, कारण तुमच्या घरात जो तो मधूनच सुरू करतो. वरद झाला तेव्हा तुझे केस कमरेच्या खाली होते. तुझ्या आईनं बाळंतपण रीतीनं केलं, डोक्याला फडकं, अंगाला शेक, बाजेखाली धुरी. तिसऱ्या महिन्यात तू इचलकरंजीला आमच्या घरी आलीस आणि केस गळायला लागले. उशीवर केस, मोरीच्या जाळीवर केस, वरदच्या मुठीत केस. एक दिवस माझ्या आईच्या भाकरीत केस. ती म्हणाली, "सूनबाई, पीठ मळताना डोक्याला कायतरी बांध, न्हायतर एक दिवस आमच्या पोटातनं येणी निघंल." तिला ती चेष्टा वाटली. तुला नाही वाटली. तू पोराला घेऊन दसऱ्याला माहेरी मुरगूडला गेलीस ती गेलीसच. मी इथं कापडाच्या कंपनीत मशिनीवर. आईनं फोन केला, तू फोन केलास, दोघींनी एकच गोष्ट सांगितली आणि दोन्ही गोष्टी वेगळ्या होत्या.

मग तुझ्या डोक्यात आलं, विंचरलं की केस जातात, तर विंचरायचंच नाही. तुझी आई पण म्हणाली, "हात नगं लावू, हायत तेवढं तरी ऱ्हातील." फणी कोनाड्यात गेली. तू पोराला पाजायला डाव्या कुशीवर झोपतेस. त्याच बाजूला मानेवर गाठ झाली, गाठीचा गोळा झाला, आणि गोळा बघायला गल्लीतली बायडाबाई आली.

बायडाबाईचा मला राग नाही. म्हणजे आहे, पण कमी आहे. तिच्या डोक्यावर स्वतःची जट आहे, गळ्यात माळ आहे, मंगळवार शुक्रवार परडी घेऊन जोगवा मागते, माझ्या लग्नात तिनं मला ओवाळलंय. पण तिनं तुझ्या मानेवर भंडारा लावला आणि सांगितलं, ही जट हाय, यल्लमानं पोरीला हाक मारली, मार्गशीर्षातल्या पुनवेला डोंगरावर नेऊन माळ बांधायची. आणि तुम्ही मान डोलावली. एकदा माळ बांधली की फणी नाही, कात्री नाही, डोक्यावरून न्हाणं नाही, जन्मभर. नवऱ्याच्या घरी नांदायचं का नाही ते पण देवी सांगणार. म्हणजे बायडाबाई सांगणार. तू बावीस वर्षांची आहेस, अवंतिका. माझं पोर सहा महिन्यांचं पण नाही.

मी देवीच्या विरोधात नाही, हे तुझ्या आईला वाचून दाखव. माझं म्हणणं एवढंच की देवीला हाक मारायची असती तर तिनं समोर येऊन मारली असती. मानेच्या मागं चोरून गाठ कशाला मारेल ती?

राजवर्धननं मला फोटो पाठवला. त्याला बोलू नकोस, मीच मागितला. बघितला. नारळाच्या शेंडीसारखं दिसतंय. मला काही वाटलं नाही. जेवलो नाही त्या दिवशी, पण ते मेसच्या भाताला वास होता म्हणून.

काहीतरी कळव. शिवी दिलीस तरी चालेल.

अंबादास


तिरुप्पूर
१२ नोव्हेंबर

शिवी पण नाही. बरं.

पत्र पोचलं हे मला माहीत आहे. राजवर्धन म्हणाला की पोस्टमननं तुझ्या हातात दिलं आणि तू ते पोराच्या दुपट्याखाली ठेवलंस. म्हणजे फाडलं नाहीस. मी तेवढ्यावर चार दिवस काढले.

आता एक सांगतो, ते ऐक. मी राहतो ती खोली एका बाईची आहे, वडिवक्का म्हणतात तिला. 'अक्का' इकडं पण अक्काच. खाली ती राहते, वर आम्ही पाच पोरं. तिला हिंदी येते ती माझ्या तमिळएवढी, म्हणजे हातवाऱ्यांनी. परवा मी जिन्यात बसून तुझा फोटो मोठा करून बघत होतो, ती पाणी भरायला आली आणि मागून बघितलं. मला वाटलं हात जोडेल. तिनं तोंडानं 'च्च' केलं, जसं पोरगं चिखलात पडल्यावर करतात. मग तिच्या लेकीला हाक मारली. लेकीच्या काखेत दोन वर्षांचं पोर. वडिवक्कानं लेकीचे केस माझ्यापुढं धरले, दाट, काळे, खोबरेल लावलेले, आणि खुणेनं सांगितलं, हिचे पण असेच गळले होते. पोर झाल्यावर चौथ्या महिन्यात हा एवढा एवढा पुंजका. लेकीला हिंदी बरी येते. ती म्हणाली, पोर पोटात असतं तेव्हा केस गळायचे थांबतात, म्हणून बाईचे केस त्या दिवसांत छान दिसतात. मग तेव्हाचे राहिलेले सगळे मागाहून एकदम गळतात. पोर वर्षाचं होईतो नवीन येतात. तिला तिथल्या नर्सनं तसं सांगितलं होतं. ती पण रडली होती म्हणे. तिचा नवरा पण काहीतरी बोलला होता. काय बोलला ते मी विचारलं नाही.

पण मला जे पटलं ते पुढंच. ती म्हणाली, जो केस गळायचा तो मुळातून सुटलेलाच असतो. विंचरला तर फणीत येतो. नाही विंचरला तर डोक्यातच पडून राहतो आणि चांगल्या केसांना गुंडाळत बसतो. अवंतिका, हे मी इचलकरंजीला मागावर रोज बघितलंय गं. सुताची तुटलेली तार वेळेत काढली नाही की शेजारच्या दहा तारा घेऊन जाते, आणि मग शेठ म्हणतो अंब्या झोपला होता. तुझ्या डोक्यात तेच झालं. केस वाचवायचे म्हणून तू फणी कोनाड्यात ठेवलीस आणि गळलेल्यांनी राहिलेल्यांना धरलं. त्यावर तेल, त्यावर धुरीची राख, त्यावर बायडाबाईचा भंडारा. आमच्या मागाच्या खात्यात सुताला खळ लावतात ती पण एवढी घट्ट बसत नाही.

तेव्हा मी 'कापून टाक' मागं घेतो. घे, लिहून दिलं. कापू नको. बायडाबाई म्हणते कात्री लावायची नाही, नको लावूस. फणी लावायची नाही, नको लावूस. पण बोटांचं काय? बोटं लावू नका असं देवीनं सांगितलं का? मी राजवर्धनला विचारायला लावलं. बायडाबाई म्हणाली, "बोटाचं कुणी कधी इच्यारलंच न्हाय." म्हणजे बोटांना बंदी नाही.

मग माझं म्हणणं असं. पुनवेपर्यंत बोटांनी सोडवून बघायचं. देवीची असेल तर सुटणार नाही, आपल्या बोटांची काय ताकद. सुटली तर गुंता होता. यात देवीचा अपमान कुठं आहे? उलट तिला विचारल्यासारखंच झालं.

कसं करायचं ते वडिवक्कानं करून दाखवलं. जास्वंदीची पानं घ्यायची, फुलं नाही, पानं. तुमच्या घरामागच्या परड्यातली चालतील. धुवून पाण्यात चुरायची, चुरत राहायचं, हाताला भेंडीसारखा चिकट बुळबुळीत रस येतो. फडक्यातून गाळून घ्यायचा. आधी कढीपत्ता घालून कोमट केलेलं खोबरेल गोळ्यात मुरवायचं, मग हा रस. घसरडं झालं की खालच्या टोकापासून सुरू. मुळाकडून ओढायचं नाही, मुळाकडून ओढलं की घट्ट होतं. एका वेळी चिमूटभर. शेवटी शिकेकाईच्या पाण्यानं धुवायचं, साबण लावायचा नाही. आणि दवाखान्यातल्या लाल गोळ्या तू सोडल्यास असं कळलं, त्या परत घे. हळीवाचे लाडू तुझ्या आईनं केलेत ते राजवर्धन खातोय, हे पण मला कळलं.

मी आधीच्या कंपनीतून निघालो हे त्यानं तुला सांगितलं असेलच. नसेल सांगितलं तर हे वाक्य वाचू नकोस. नवीन ठिकाणी पगार थोडा जास्त आहे. थोडाच. मुकादमाशी वाजलं होतं.

अंबादास


तिरुप्पूर
२० नोव्हेंबर

राजवर्धनच्या फोनवरनं तुझा मेसेज आला. दोनच शब्द. "कोण सोडवणार?"

मी ते दोन शब्द मशीन बंद करून वाचले आणि सुपरवायझरची बोलणी खाल्ली. 'सोडवणार नाही' असं तू लिहिलं नाहीस. 'कोण' असं लिहिलंस. म्हणजे तुला पण सोडवायचंच आहे. मला आधी का नाही सांगितलंस गं?

तुझं बरोबर आहे. मानेच्या मागं तुझा हात पोचत नाही. तुझी आई हात लावायला तयार नाही. मी तिच्याशी बोललो. ती मला म्हणाली, "जावईबापू, उद्या पोराला काय झालं तर गल्ली मलाच खाईल." ती घाबरली ती वरदसाठीच. राजवर्धनला सांगितलं तर तो म्हणतो, दाजी, मी पोरगा माणूस, आक्काच्या केसाला कसा हात लावू. मोबाईल उघडून त्यातल्या मुंगीएवढ्या तारा जोडतो हा, आणि बहिणीच्या केसाला लाजतो.

मी आलो असतो. नवीन कामावर पंधरा दिवस पण झाले नाहीत. आता निघालो तर परत घेणार नाहीत, आणि मी नोकऱ्या बदलतो म्हणून तू मला काय काय बोललीस ते आठवतंय मला. एकदा तरी एका जागी टिकतो, ते तुझ्याच जिवावर.

आता जे सांगणार आहे ते उभ्यानं वाचू नकोस, बस. वरदला आईकडं दे.

माझी आई.

थांब. फाडू नको. तिच्या तोंडाचं मला सांगू नकोस, त्या तोंडाचं मी लहानपणापासून खाल्लंय. मी तिच्या बोटांबद्दल बोलतोय. माझे वडील गेले तेव्हापासून ती मागासाठी सुताच्या कांड्या भरते. इचलकरंजीत अख्ख्या गल्लीतलं गुंतलेलं सूत तिच्याकडं येतं. शेठ लोक जे सूत 'जाळून टाका' म्हणतात ते ती मांडीवर घेऊन बसते, बोलत बोलत, टीव्ही बघत बघत, आणि जेवायच्या वेळेपर्यंत त्याचा सरळ धाग्याचा गुंडा झालेला असतो. तोडत नाही. मी लहान असताना विचारलं होतं, तोडून गाठ मारली तर काय होतं. ती म्हणाली, "गाठ कापडात दिसती रं." एवढंच तिचं शिक्षण.

ती तुला भाकरीवरून बोलली ते चूकच. पण तिला वाटतं तू तिच्यावर रुसून गेलीस आणि तुला वाटतं तिनं तुला घालवलं. दोघींच्या मधे कोण बोलणार, मी हजार किलोमीटरवर. मी तिला अजून काही सांगितलेलं नाही. तू हो म्हणालीस तरच सांगेन. तुझ्या मर्जीविरुद्ध काही होणार नाही.

अंबादास

ता. क. हे पत्र टाकायला निघालो तेवढ्यात आईचा फोन आला. ती उद्या पहिल्या एसटीनं कागलवरून मुरगूडला निघतीया. मी तिला फक्त फोटो पाठवला होता. बाकी मी काही केलेलं नाही. पत्राआधी तीच पोचेल, म्हणून याचा फोटो काढून राजवर्धनला पाठवतोय. दार उघड.


तिरुप्पूर
२८ नोव्हेंबर

तू तिथंच होतीस, तरी मी तुला तिथलं सांगणार आहे. कारण तुझी पाठ होती. आईनं मला फोनवर जे सांगितलं ते तुला दिसलेलं नाही.

ती सांगते, दार तूच उघडलंस. तिनं पिशवी खाली ठेवली, तुझ्या आईला म्हणाली, "विहीणबाई, च्या नगं. जास्वंद कुठं हाय?" मग तुला पाटावर बसवलं, पाठीमागं आपण बसली, आणि तुझ्या डोक्यावरचा पदर काढून पहिल्यांदा हात लावला. मला फोनवर म्हणाली, "अंब्या, लई घट हाय रं. पन मेलेलं न्हाय. आत हलतंय." तिला सूत हातात घेतल्यावर कळतं म्हणे ते सुटणार की नाही. मी तुला हे त्याच दिवशी सांगणार होतो, पण ती म्हणाली, पोरीला आशा लावू नगंस, अजून उद्या हाय.

पहिल्या दिवशी टोकाकडची चार बोटं लांबी सुटली. तुझ्या मांडीवर वरद झोपला होता. आई म्हणते तू रडत होतीस, आवाज न करता, खांद्यावरून कळत होतं. तिनं विचारलं, "दुखतंय व्हय?" तू नाही म्हणालीस. ती म्हणाली, "मग रड. तेल मुरायला येळ लागतोच."

दुसऱ्या दिवशी बायडाबाई आली. ते भांडण तू ऐकलंस. पण तोंडं दिसली नसतील. बायडाबाई उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "पावणीबाई, देवीच्या केसात हात घालताय. घरी पोर हाय." आई हात न थांबवता म्हणाली, "हात घालत न्हाय बाई, तिचीच सेवा करतीया. तुमच्या देवळात तिला रोज न्हाऊ घालत्यात, येणी घालत्यात का न्हाय?"

"घालत्यात की."

"मग तिला माझ्या सुनंचाच गुंता कशाला पायजे? या, बसा. पोराला घ्या. माझं दोन्ही हात तेलाचं हायत आणि तिचं अवघडलं."

आणि बायडाबाईनं वरदला घेतलं. आई म्हणते, पोरगं तिच्या गळ्यातल्या माळेशी खेळत बसलं, आणि ती बघत बसली. रस घसरत होता, बोटं चालली होती. जरा वेळानं ती आत सरकून बसली, अगदी जवळ, तुझ्या मानेपाशी. आईच्या बोटांकडं बघत होती. एक बट सुटून खाली लोंबली तेव्हा तिनं ती हातात धरली, ओढून बघितली, सोडली. मग आपल्या डोक्यावरच्या जटेला हात लावून, अगदी हळू, आईला म्हणाली, "मला बी पैल्या बाळंतपणातच आलती. सव्वा म्हयना डोकं बांधून ठेवलं हुतं. तवा कुणी बोटं लावली असती तर सुटली असती काय ओ?"

आईनं रसाचं भांडं बायडाबाईच्या पुढं सरकवलं. आणि ती बाई तुझ्या दुसऱ्या बाजूनं सोडवायला लागली. तुला कळलं असेल ना, की चार हात झाले? आई म्हणते तू एकदम ताठ झालीस, मग अंग सैल सोडलंस.

तिसऱ्या दिवसाचं तू स्वतः सांग. आई म्हणते, मुळापाशी अंगठ्याएवढी गाठ राहिली, ती काही केल्या सुटेना, खाली कातडं लाल झालं होतं. तुझी आई घाबरली, म्हणजे हीच खरी जट. मग तू म्हणालीस, "एवढं गजभर सुटलं, आणि एवढंच देवीचं व्हय? कात्री द्या." आणि तू आपल्या हातानं कापलंस. मागं हात पोचत नव्हता तरी पोचवलास. मग शिकेकाईनं डोक्यावरून न्हालीस.

मी हे ऐकलं तेव्हा मशिनींच्या मधल्या वाटेत होतो. सगळ्या मशिनी चालू होत्या आणि मला एकीचा पण आवाज येत नव्हता. कागलचा एक पोरगा आहे इथं, त्याला मी मिठी मारली. तो विचारतो काय झालं, कोण पास झालं. मी म्हणालो, बायको न्हाली.

हो, आणि एक. आई म्हणते त्या रात्री जेवताना तिच्या ताटात केस निघाला. तुझाच, लांब. तिनं काढून बाजूला ठेवला आणि जेवली. तू बघितलंस हे तिनं बघितलं. ती मला म्हणाली, "मी आता बोलायचं न्हाय ठरीवलंय." किती दिवस टिकेल ते देवीला माहीत.

फोन चालू कर. एवढंच.

अंबादास


तिरुप्पूर
२ डिसेंबर

काल बोललो तरी आज लिहितोय. सवय लागली. फोनवर तू बोलत होतीस आणि मी नुसता हं हं करत होतो, तुला वाटलं मी कामात आहे. कामात नव्हतो. गच्चीवर होतो, वडिवक्काच्या वाळत घातलेल्या मिरच्यांजवळ, आणि तुझा आवाज ऐकत होतो. दिवाळीनंतर पहिल्यांदा.

तू व्हिडिओ लावायला तयार नव्हतीस. म्हणालीस, "आता बघण्यासारखं काय ऱ्हायलंय, शेपटीएवढी येणी झालीया. मागं तर टक्कल हाय." मग लावलास. अवंतिका, मी खोटं बोलणार नाही. केस निम्मे झालेत. भांग रुंद दिसतो, मागं जिथं कापलंस तिथं दोन बोटांची जागा उघडी आहे. पण तू मान वळवलीस तेव्हा मान वळली. आधीच्या फोटोत तू मान आखडून धरलेली होतीस, जसं डोक्यावर कुणी घागर ठेवलीय. आणि कपाळाच्या वर, उजेडात, मी बारीक बारीक उभे केस बघितले. तू म्हणालीस ते तुटलेले आहेत. तुटलेले नाहीत ते. तुटलेला केस टोकाला बोथट असतो, हे टोकाला निमुळते होते. नवीन आहेत. ग्रामीण रुग्णालयातली नर्स पण तेच म्हणाली असं राजवर्धन सांगतो, पोर वर्षाचं होईतो थांबा, घाबरू नका, रोज विंचरा. तेव्हा विंचर. गळतील, गळू देत. फणीत आले तर फणीत दिसतात तरी. लाकडी मोठ्या दात्यांची घे, टोकाकडून वर जा, आठवड्यातून दोनदा ते जास्वंदीचं कर. घट्ट अंबाडा बांधू नकोस, सैल पेड घाल. मी आता केसांचा डॉक्टर झालोय, पोरं खोलीत चेष्टा करतात.

तू विचारलंस, "तुम्हांला खरंच भ्या वाटलं न्हाई?" मी काल नाही म्हणालो. फोनवर खोटं पटकन येतं. कागदावर येत नाही, लिहिताना वेळ लागतो आणि तेवढ्यात खरं आठवतं. वाटलं. फोटो बघितला त्या दिवसापासून वाटत होतं. मी तुला गुंता गुंता म्हणत होतो आणि इथं मंगळवारी पायात चप्पल घालत नव्हतो. अंडं सोडलं होतं. वडिवक्का विचारायची, मी म्हणायचो पोट बिघडलंय. आणि आठवड्याचा पगार झाला की थोडे पैसे एका डब्यात टाकत होतो, डोंगराच्या खर्चाचे. म्हणालो, सुटली नाही आणि तिला माळ बांधायलाच लागली, तर निदान माझ्या पैशानं नीट नेईन, गाडी करून, पोराला ऊन लागणार नाही असं. बायको द्यायची तयारी करत होतो मी, अवंतिका. डबा रोज हलवून बघायचो, हलका लागला की बरं वाटायचं, म्हणजे तो दिवस अजून लांब आहे.

आता तो डबा फोडला. पुनव परवा आहे, त्या गर्दीत पोराला घेऊन कुठं जाऊ नकोस. मी संक्रांतीला रजा मागितली आहे, देतो म्हणालेत. तेव्हा जाऊ सगळे डोंगरावर, साधे, जसे चार लोक जातात. तू केस धुवून, विंचरून, फूल माळून. ओटी भरू आणि परत येऊ. बायडाबाईला बरोबर घेऊ. तिची जट आता सुटायची नाही असं आई म्हणते, लई जुनी झाली, आणि तिला पण सुटायला नको आहे, तिचं पोट त्यावर आहे. पण त्या दिवसापासून ती रोज येऊन वरदच्या डोक्याला तेल लावते म्हणालीस, ते मला बरं वाटलं. लावू दे.

इचलकरंजीला कधी यायचं ते तुझं तू ठरव. आई परत गेली ती तुला 'चल' म्हणाली नाही, कारण तिनं न बोलायचं ठरवलंय. ती मला रोज विचारते, "मुरगूडची गाडी कितीला येती?" तिला वेळापत्रक पाठ आहे गं. तू ये म्हणजे ती विचारायची थांबेल.

डब्यात जेवढे होते तेवढे राजवर्धनच्या नंबरवर टाकले. त्यातून लाकडी फणी घे, बायडाबाईला एक लुगडं, तुझ्या आईला बांगड्या. उरतील ते तुझ्याकडंच ठेव, हिशोब नको. डब्यात सहा हजार चारशे रुपये निघाले.

अंबादास